टीव्हीवरचे संगीत पुरस्कार सोहळे: तुमच्या घरात गुण कोण देतं?

लातूरकर_मास्तर

आमच्या घरी क्रिकेटच्या खालोखाल भांडणं होतात ती संगीत पुरस्कारांच्या सोहळ्यांवरून. मराठी, हिंदी, जमलं तर अमेरिकेतले ग्रॅमीसुद्धा. प्रत्येक सादरीकरणाला दहापैकी गुण द्यायचे आणि ते का दिले हेही सांगायचं, असा नियम आहे. परीक्षक मंडळात आई (भजनी मंडळात पेटी वाजवते), बायको, अकरावीतली कन्या आणि मी. मास्तर असल्यामुळे बेरजेचं काम अर्थातच माझ्याकडे.

परवा एका मराठी सोहळ्यात एक नावाजलेला गायक वरून दोरीने खाली आला. मागे ही नाचणाऱ्यांची फौज, बाजूला धूर, खालून ठिणग्या. गाणं म्हणत म्हणत त्याने अख्खं स्टेज पालथं घातलं. कन्येने नऊ दिले. आईने दोन. दोन कशाचे विचारलं तर म्हणाली, "कपडे चांगले होते."

त्यावरून जे पेटलं ते अजून विझलेलं नाही. आईचं म्हणणं, तो गातच नव्हता, नुसतं तोंड हलवत होता. कन्येचं म्हणणं, आजी, हे बघायचं गाणं आहे. माझा मुद्दा तिसराच. पुरस्कार मिळतो स्टुडिओत मुद्रित झालेल्या गाण्याला. आपण मात्र डोकं फोडतो स्टेजवरच्या चार मिनिटांवरून. त्या चार मिनिटांना गुण द्यायचे तर नेमके कशाला? तुमच्याकडे काय पद्धत आहे?

उदगीरचा_उनाड

रुमाल टाकून (म्हणजे जागा धरून) ठेवतो. मातोश्रींना दंडवत. "कपडे चांगले होते" वाचून हसून हसून पुरेवाट.

जगात_जर्मनी

मास्तर, तुमच्याकडं सोहळा संपेपर्यंत लाईट राहते हेच लै झालं. आमच्याकडं पुरस्काराचं पाकीट फोडायलेत तवर लाईट गुल. मग विजेता कोण ते दुसऱ्या दिवशी पानटपरीवर कळतं.

रेणुकाई

आईंच्या बाजूने लिहिते. अंबाजोगाईत शाळेत बरीच वर्षं संगीत शिकवलं, त्यामुळे हा रोग मलाही आहे.

गळ्याकडे बघू नका, खांदे आणि छाती बघा. गाणाऱ्याला श्वास घ्यावाच लागतो, लांब ओळीच्या आधी तर हमखास. जो पायऱ्या चढून धावत आला आणि लगेच लांबलचक ओळ एका दमात, अजिबात न हलता म्हणून मोकळा झाला, तो एकतर योगी आहे किंवा गात नाहीये. दुसरी खूण माईकची. खऱ्या गाण्यात माईक तोंडापासून लांब गेला की आवाज पातळ होतो. वीतभर लांब धरूनही आवाज तस्साच भरदार येत असेल तर समजायचं काय ते. तिसरी खूण प, फ, भ यांची. जवळ धरलेल्या माईकवर या अक्षरांचा थोडा तरी धक्का बसतो. चांगले गायक या अक्षरांना माईक किंचित तिरका करतात, ती सवय हाताला असते. तोंड हलवणाऱ्याचा हात ते करत नाही.

गुणांचं म्हणाल तर मी निम्मे सुराला देते, उरलेले लय आणि शब्दोच्चार यांत वाटून टाकते. धुराला शून्य. धुराने उलट गळा बसतो.

गोदाकाठ_साऊंड

नांदेडात मंडप आणि साऊंडचा धंदा आहे, म्हणून दोन शब्द.

रेणुकाई, तुमच्या तिन्ही खुणा बरोबर. पण टीव्हीवर त्या चालतीलच असं नाही. एकतर आपल्याकडचे बरेच सोहळे थेट नसतात. आधी चित्रित होतात, मग कापाकापी, मग आवाजाचं मिक्सिंग, आणि मग तुमच्या घरी. जो सूर स्टेजवर घसरला तो घरी येईपर्यंत सरळ करता येतो. आता तर थेट गाण्यातसुद्धा सूर जागच्या जागी ओढून घेणारी यंत्रं आहेत. त्यामुळे "बेसूर नव्हता" म्हणून गुण देणं मी केव्हाच सोडलं.

दुसरं म्हणजे गातोय की नाही, याला हो किंवा नाही असं उत्तर नसतं. आमच्यात अर्धा ट्रॅक चालतो. गायकाचा माईक चालू असतो, तो गातही असतो, पण खाली त्याचाच मुद्रित आवाज हळू सोडलेला असतो. नाचताना दम लागला की ऑपरेटर खालचा आवाज वर घेतो. ध्रुवपदात कोरस आणि दुहेरी आवाज तर सर्रास ट्रॅकवर. कानात जे बोंडूक दिसतं त्यात गायकाला ठोके ऐकू येत असतात, कारण ट्रॅक थांबून त्याची वाट बघत नाही. आपल्या तबलजीसारखं समजून घेणारं तिथं कोणी नसतं.

आणि तुमचा टीव्ही! पातळ टीव्हीचे स्पीकर खाली नाहीतर मागे तोंड करून असतात. गायकाचा आवाज भिंतीवर आपटून तुमच्याकडे येतो. आईंच्या दोन गुणांत निदान एक गुण टीव्हीने खाल्लाय.

उदगीरचा_उनाड

म्हणजे आजवर आम्ही भिंतीला गुण द्यायलोत?

पैठणगेटची_मैना

मी ग्रॅमीवाली. भारतात तो सोमवारी सकाळी साडेसहाला सुरू होतो, म्हणजे डबे, रिक्षा आणि सोहळा एकदमच. तरी बघते.

२०२४ चा बघितला असेल तर गायिका जोनी मिशेल आठवून बघा. वय ८०, २०१५ मध्ये मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या आजारातून उठलेली, पुन्हा बोलायला-चालायला शिकलेली. त्या रात्री ग्रॅमीच्या मंचावर ती पहिल्यांदाच गायली. खुर्चीत बसून, हातात काठी, भोवती थोडे वादक. तरुणपणीचा तो उंच आवाज आता राहिला नाही, बराच खाली उतरलाय. पण काठीने हलका ठेका धरून ती ओळी थोड्या मागे टाकत होती, ते ऐकताना मी पोळी तव्यावर विसरले. मास्तर, तुमच्या तक्त्यात याला कुठे गुण देणार? आवाजाला द्यायचे तर सहा. पण सहा दिले तर मला स्वतःचीच लाज वाटेल.

बालाघाट

मैनाताई, राग मानू नका, पण इंग्रजी गाण्यांचे शब्द निम्म्या लोकांना कळत नाहीत. मग गुण कशाचे देतो आपण? चेहऱ्याचे? उगाच ग्रॅमी बघितला म्हणून सांगायचं.

पैठणगेटची_मैना

बालाघाट, तराण्याचे शब्द तुम्हाला कळतात का? दिर दिर तानोम म्हणजे काय ते सांगा, मग पुढे बोलू.

जगात_जर्मनी

बालाघाटची विकेट! अवांतर: सोमवारी सकाळी साडेसहा ही आमच्या गल्लीत नळाची वेळ. मोटर लावायची की जोनीबाई ऐकायची, असा प्रश्न आला तर घरातलं बहुमत मोटारीकडं जातं.

बालाघाट

तराण्याचं मान्य. पण माझा मुद्दा निकालाबद्दल होता. बघणाऱ्यांनी ठरवायचं की जाणकारांनी? ग्रॅमीत तो पुरस्कार देणाऱ्या अकादमीचे सदस्य मत देतात, म्हणजे गाणारे, वाजवणारे, ध्वनिमुद्रण करणारे लोक. आपल्याकडे एसेमेसचा जमाना होता. सा रे ग म प लिटल चॅम्प्सची, म्हणजे त्या लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेची, २००९ ची अंतिम फेरी आठवा. कार्तिकी गायकवाड जिंकली. रोहित राऊत लातूरचा, त्यामुळे तुमच्याकडे काय वातावरण असेल ते मास्तरच सांगतील. गाण्यापेक्षा गाव जास्त बोलत होतं तेव्हा.

लातूरकर_मास्तर

काय विचारता! आमच्या गल्लीत ज्यांना सा कुठला नि रे कुठला ते माहीत नाही, ते रिचार्ज मारून एसेमेस करत होते. निकालानंतर एका काकांनी आठवडाभर ती वाहिनीच लावली नाही. पण एक सांगतो, त्या पोरांनी त्या वयात वाद्यवृंदासमोर उभं राहून आठवड्यामागून आठवडे गाऊन दाखवलं होतं. गावाने मतं दिली हे खरं. त्याला गाता येत होतं हेही खरंच. रोहित पुढे इंडियन आयडॉलच्या अकराव्या पर्वात अंतिम फेरीत दुसरा आला, म्हणजे गावाचे कान अगदीच बहिरे नव्हते.

रेणुकाई

जाणकारांच्या निकालावरही फार विसंबू नका. फिल्मफेअर सुरू झालं १९५४ ला, आणि पार्श्वगायनाला पुरस्कारच नव्हता! गाणं गाजलं की पुरस्कार संगीतकाराला. शंकर-जयकिशन यांना तो मिळाला तेव्हा त्यांच्यासाठी त्या समारंभात गायला लताबाईंनी नकार दिला. पार्श्वगायकांना पुरस्कार द्या, मग बघू, असं त्यांचं म्हणणं. १९५९ ला तो सुरू झाला आणि पहिला त्यांनाच मिळाला. पुढे काही वर्षं गायक-गायिका मिळून एकच पुरस्कार होता, वेगळे विभाग नंतर झाले.

धाकटी_पाती

मी मास्तरांच्या मुलीच्या वयाची, सेलूची. एवढा वेळ नुसतं वाचत होते.

आजीचा आदर आहे, पण "उभं राहून गातो तोच खरा" हे आपल्या मराठवाड्यात कधीपासून आलं? आमच्याकडे लग्नानंतर गोंधळ असतो. गोंधळी काय खुर्चीत बसून गातात का? संबळ कमरेला बांधून नाचतात, गिरक्या घेतात, मधेच सोंग आणतात, चालू गाण्यात नवरदेवाची चेष्टा करतात. भारुडात बाई होऊन येतात, तेही गाण्यासकट. पैठणच्या एकनाथांनी लिहिलेली भारुडं बघायचीच असतात की. मग तो दोरीवरून उतरला तर इतकं काय बिघडलं? मी त्याला आठ देते.

उदगीरचा_उनाड

पोरगी लै खरं बोलायली. आता उत्तर द्या रेणुकाई.

रेणुकाई

देते की. बाळ, मुद्दा चांगला आहेस मांडलेला. नाचायला माझी हरकत नाहीच. पण गोंधळात जवळ बसून कधी नीट ऐक. मुख्य गोंधळ्याला नाचून दम लागतो. ओळीच्या शेवटी त्याचा श्वास तुटतो. तिथे मागचे झीलकरी तो सूर उचलतात आणि ओढून धरतात, तुणतुणं चालूच असतं, तेवढ्यात हा दम खातो, घाम पुसतो आणि पुढच्या ओळीला बरोब्बर ठेक्यावर येतो. सगळं तुझ्या डोळ्यांदेखत. दम लागला हे तो लपवत नाही, त्यासाठी माणसं बरोबर आणतो. गोदाकाठ म्हणतात तो अर्धा ट्रॅक म्हणजे तोच झीलकरी, फक्त पडद्याआड आणि स्वतःच्याच आवाजात. आणि पुरस्कार मात्र पुढच्या एकट्याला.

गोदाकाठ_साऊंड

रेणुकाई, हे आमच्या पोरांना वाचून दाखवतो आज.

यावरून एक किस्सा जगजाहीर आहे, तो सांगतो. मिली व्हॅनिली नावाची जोडी होती. १९९० ला ग्रॅमीत सर्वोत्तम नवोदित ठरली. दिसायला देखणी, नाचायला एक नंबर. त्याच वर्षी उघड झालं की अल्बमवर गाणारे लोक भलतेच होते. यांनी स्टेजवर तर सोडाच, स्टुडिओतही गायलं नव्हतं. ग्रॅमी परत घेतला गेला. मजा अशी की गाणी तीच होती, लोकांना आवडलेलीच होती, आणि गाणारे खरे गळेही कुठेतरी होतेच. पुरस्कार परत घेतला, पण तो त्या गळ्यांना कुणी दिला नाही.

बालाघाट

हे माहीत नव्हतं. भारी माहिती.

पैठणगेटची_मैना

पुढच्या आणि मागच्या माणसांचा विषय निघालाच आहे तर माझं दुखणं सांगते. टीव्हीवर आपण जो ग्रॅमी बघतो तो खऱ्या समारंभाचा छोटा तुकडा असतो. नव्वदच्या वर विभाग आहेत. त्यातले आठ-दहाच मुख्य कार्यक्रमात दिले जातात. बाकी सगळे आधीच्या समारंभात, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटून दोनच्या सुमारास, इंटरनेटवर. २०२४ ला शक्ती या बँडच्या अल्बमला पुरस्कार मिळाला, शंकर महादेवन मंचावर बोलले, तबल्याच्या झाकीरभाईंना (झाकीर हुसेन) एकाच दिवसात तीन मिळाले, बासरीवाल्या राकेश चौरसियांना दोन. ते सगळं या आधीच्या समारंभात. सकाळी साडेसहाला टीव्ही लावून बसलेल्यांना यातलं काही दिसलं नाही, आणि इकडे पेपरात मात्र पहिल्या पानावर.

झाकीरभाई गेले १५ डिसेंबर २०२४ ला. फेब्रुवारी २०२५ च्या सोहळ्यात दिवंगत कलाकारांना श्रद्धांजली वाहिली त्यात त्यांचं नाव पडद्यावर आलंच नाही. ग्रॅमीच्या संकेतस्थळावरच्या यादीत होतं म्हणे. आदल्याच वर्षी तीन पुरस्कार घेतलेला माणूस! मी त्या सोहळ्याला एकूण चार गुण दिले, आणि त्यातले तीन गायिका चंद्रिका टंडन यांना मिळालेल्या पुरस्काराचे.

जगात_जर्मनी

चार बी जास्त झाले मग.

धाकटी_पाती

मैनाताई, मग आपण जे चार मिनिटं बघतो त्याचा पुरस्काराशी काही संबंधच नाही?

पैठणगेटची_मैना

फारसा नाही गं. पुरस्कार मुद्रित गाण्याला, मतदान आधीच झालेलं. ती चार मिनिटं म्हणजे लोकांनी टीव्ही बंद करू नये म्हणून. मास्तर पहिल्याच पोस्टमध्ये हेच म्हणत होते. पण म्हणून ती फुकट जातात असं नाही. गायिका ट्रेसी चॅपमननेही त्याच २०२४ ला स्वतःचं १९८८ चं गाणं ल्यूक कोम्ब्सबरोबर गायलं. तो कंट्री, म्हणजे अमेरिकी ग्रामीण ढंगाची गाणी गाणारा, त्याने तेच गाणं नव्याने म्हणून गाजवलं होतं. त्या रात्री तिने गिटार छेडली आणि तो तिच्याकडे बघत, तिचे शब्द ओठांवर घोळवत उभा होता. ना धूर, ना दोरी. कोणत्याही विभागाचा निकाल त्यावर अवलंबून नव्हता.

बालाघाट

माझं मत बदललेलं नाही, पण हे सादरीकरण शोधून बघितलं. शब्द निम्मेच कळले. आठ देतो.

लातूरकर_मास्तर

धाग्याने घरात नवीन नियम आणला, तो सांगतो. तोच मराठी सोहळा काल पुन्हा दाखवला. कन्येने ठरवलं की सगळ्यांनी टीव्हीकडे पाठ करून बसायचं आणि नुसतं ऐकून गुण द्यायचे. गोदाकाठांचं ऐकून टीव्ही भिंतीपासून थोडा पुढे ओढला.

दोरीवाल्याला कन्येने पाच दिले. म्हणाली, ध्रुवपदात आवाज एकदम जाड होतो, तो एकाचा नाहीये. आईने त्याला एक केला, कारण आता कपडेही दिसत नव्हते. पण दुसऱ्या अंतऱ्याला आई म्हणाली, "ही कोण?" मागे कोरसमध्ये एक बाई होती, मुख्य आवाजाच्या वरच्या पट्टीत. त्याने ओळ सोडली तिथे ती किंचित पुढे गेली होती आणि मग परत मागे आली. आम्ही कोणी ते पहिल्यांदा ऐकलंच नव्हतं. आईने तिला आठ दिले. वहीत नावाच्या जागी "मागची बाई" असं लिहिलंय.

नाव शोधायला शेवटची नामावली बघावी म्हटलं तर पुढच्या मालिकेच्या जाहिरातीने ती एका कोपऱ्यात चेपली होती. चष्मा लावूनही वाचता येईना.

रेणुकाई

आईंना माझा नमस्कार सांगा. आणि हे वाचून त्यांची पेटी ऐकायची फार इच्छा झालीय.

गोदाकाठ_साऊंड

मास्तर, बरेचदा उलटंच असतं. पुढचा ट्रॅकवर आणि मागचे दोघं-तिघं खरे गात असतात, कारण ते एका जागी उभे असतात. आईंनी जी ऐकली ती बहुतेक खरी गात होती. ट्रॅक ओळीच्या पुढे जात नाही.

अजून एक करा. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये सराउंड बंद करा, म्युझिक किंवा स्टँडर्ड ठेवा. सराउंडमध्ये मधला आवाज पसरतो आणि मागचा बुडतो. जुना टेपरेकॉर्डरचा डबा घरात असेल तर त्याला वायर जोडा, खर्च फार नाही. लातूरला आलो तर मीच लावून देतो, चहावर.

उदगीरचा_उनाड

आमच्याकडं बी या भाऊ. चहासोबत सुशीला (मुरमुऱ्यांची) देतो, वरून शेव. फक्त आमच्या घरचे परीक्षक सगळ्यांना सरसकट दहा देतात, त्याच्यावर काही सेटिंग असलं तर घेऊन या.

धाकटी_पाती

मास्तर, तुमच्या मुलीला सांगा, पाठ करून बसायची कल्पना आम्ही हॉस्टेलवर चोरली. इथे वादाचा विषय दुसराच निघालाय. सूत्रसंचालकांच्या विनोदांना गुण द्यायचे का, आणि दिले तर ते वजा करायची मर्यादा किती?

लातूरकर_मास्तर

आमच्याकडे सूत्रसंचालक आले की आवाज बंद करतात. आई तेवढ्यात माळ ओढून घेते.